काल्याच्या दिवशीची गाडी

अकोल्याच्या गोरक्षण रोडवर कुणीतरी नवा गतिरोधक घातला होता आणि ऑटोवाल्याला तो ठाऊक नव्हता, एवढंच झालं. ऑटो उडाला, रामराव गावंड्यांचं डोकं वरच्या दांडीला लागलं, मांडीवरच्या डब्याचं झाकण सुटलं आणि गिरणीतून आत्ताच आणलेलं ज्वारीचं ऊन पीठ पायजम्यावर सांडलं. "लागलं काय बाबा?" ऑटोवाला मागं न पाहताच म्हणाला, "काल नव्हता हा इथं, सकाळी उगवला." रामराव लागलं नाही म्हणाले. त्याच वेळी खिशातला फोन थरथरला. पिठाच्याच बोटांनी त्यांनी तो काढला, काच आणखी पांढरी झाली, ती सदऱ्याला पुसली, तेव्हा खालून एक जुनं रेघांचं पान वर आलं. अमरावतीच्या अपेक्षानं पाठवलेलं. सावरखेडा स्टेशनची जुनी सिग्नल केबिन वाचवायला निघालेली ती आर्किटेक्ट मुलगी. खाली लिहिलं होतं, काका, सापडलं! केबिनच्या गाडी रजिस्टरचं शेवटचं पान. शेवटची सही तुमची! उद्घाटनाच्या पाटीवर आता हेच नाव पक्कं. रामरावांनी पान मोठं केलं. सात एप्रिल. पॅसेंजर, बारा बेचाळीस. पुढं सही, रा. गावंडे. सही त्यांचीच होती, 'रा'चा काना वर लांब ओढलेला, खाली एक रेघ. पण पेन इतकं दाबून चालवलेलं की उजेड तिरपा पडून अक्षरांना खड्डे पडलेले दिसत होते. आपण एवढं दाबून कधी लिहीत नव्हतो, असं त्यांना उगाच वाटलं. मग तारखेकडे पुन्हा लक्ष गेलं आणि ऑटो सरळ रस्त्यावरून जात असताना त्यांना दुसऱ्यांदा उडाल्यासारखं झालं. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशीची तारीख होती ती. काल्याचा दिवस.

कारण तो दिवस त्यांना स्वतःच्या लग्नापेक्षा नीट आठवत होता. उन्हानं रूळ पांढरे झालेले. वरच्या मजल्याच्या सगळ्या काचा उघड्या. चोवीस लिव्हर रांगेत उभे, सिग्नलचे लाल, रूळ बदलणाऱ्या सांध्यांचे काळे, कुलपांचे निळे. आधी सांधा लावायचा, मग त्याला कुलूप, मगच सिग्नल. क्रम चुकला तर लिव्हर जागचा हलतच नाही, खालच्या मजल्यावर लोखंडी पट्ट्या एकमेकींना अडवून धरतात. नऊ नंबर सिग्नलचा. हातात फडकं, कारण लिव्हरच्या मुठीला उघडा हात लावायचा नाही, घामानं लोखंड गंजतं. डावा पाय पुढं, ओढायचं ते खांद्यातून नाही, कमरेतून. तार ताणली गेली की लांबवर कुणी घागर घासावी तसा आवाज होतो. तारेवर कोतवाल पक्षी बसला होता, तो उडाला. सिग्नलचा हात खाली पडला. गाडी आली, आणि जाता जाता ड्रायव्हरनं केबिनकडे पाहून कपाळाला हात लावला, जसा माणूस देवळावरून जाताना लावतो. त्यानंतर त्या केबिनमधून गाडी घेतली गेली नाही, बटणांचं नवं पॅनल आलं. हे सगळं रामरावांनी निवृत्तीच्या सत्कारात सांगितलं होतं, नातीच्या शाळेत सांगितलं होतं, आणि गेल्या दिवाळीत अपेक्षाच्या फोनमध्ये सव्वा तास सांगितलं होतं. आणि आता पिठाच्या डब्यावर हात ठेवून बसले असताना तीच दुपार त्यांना दुसऱ्या बाजूनं दिसू लागली. गावातल्या मारुतीच्या पारासमोरचा मांडव. भातकुलीकडचे महाराज, गळ्यात उपरणं, आवाज थोडा बसलेला कारण सप्ताहाचा शेवट. सवंगडी शिदोऱ्या सोडून बसलेत, सगळ्यांचं एकत्र कालवलंय, आणि एक जण अजून आला नाही. महाराज थांबले. नुसते टाळ बारीक वाजत होते. तो येईपर्यंत देवानं घास खाली ठेवला हो, असं म्हणून त्यांनी रिकामा हात तसाच हवेत धरला, आणि टाळकऱ्यांनी चाल उचलली तेव्हा रामरावांच्या डोळ्याला धार लागली होती. मग हंडी फुटली, दह्याचा एक लोंढा थेट त्यांच्या ड्यूटीच्या निळ्या शर्टावर. पंगती वाढल्या. एक माणूस दोन्हीकडे कसा असेल? कीर्तन साठ वर्षं ऐकलं की गोकुळातलं दही आपल्याच जिभेवर आहे असं वाटतं, ते ठीक. पण तळहाताला नऊ नंबरचं वजन कुठून आलं?

"पीठ अर्धं कुठं ठिवून आले?" दार उघडताच आशाबाईंनी विचारलं. रामराव चप्पल न काढताच म्हणाले, "आशा, केबिन बंद झाली त्या दिवशी मी कुठं होतो?" "काल्यात," त्या डबा घेत म्हणाल्या. "शर्टावर दही घेऊन आले होते. तीन पान्यांतून काढला मी तो शर्ट, तरी वास गेला नाही." "मंग मी एवढे वर्सं सांगून राहिलो ते?" आशाबाईंनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "तुमी एवढ्या खुशीत सांगता नं. मले वाटलं, दोन्हीकडं गेले असान." यावर त्यांना हसू आलं आणि ते येताच जिरलंही. दोन्हीकडं. दोन्हीकडं असायची युक्ती त्यांनीच शोधली होती, त्यांनी आणि बुधाजी तायड्यानं. सावरखेड्याच्या केबिनमध्ये दोघं बावीस वर्षं केबिनमन. सप्ताह आला की रामरावांची ड्यूटी बुधाजी करायचा. चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, दिवाळीआधी दीक्षाभूमीला नागपूरला जायचं असलं की बुधाजीची रामराव करायचे. अर्ज करायचा नाही, कारण अर्जाला उत्तर येईपर्यंत सण निघून जायचा. ज्याची पाळी त्याच्याच नावाची सही, पण करायची दुसऱ्यानं. एका उन्हाळ्यात दुपारच्या शांत वेळी दोघांनी बसून एकमेकांची सही गिरवली होती, पाटीवर अक्षर काढणाऱ्या पोरांसारखी. बुधाजी म्हणाला होता, तुह्या नावात लय वर-खाली हाय गा, सांधे बदलल्यावानी. आणि कुणाच्या मनातही आलं नव्हतं की यात काही खोटं आहे. गाडी वेळेवर जात होती. देवही आपापल्या जागी खूश होते.

रात्रभर त्यांनी त्या दुपारवरून हात फिरवला. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. सकाळच्या गाडीनं बुधाजीकडे मूर्तिजापूरला निघाले. खिडकीतून काळी रानं, नांगरून पडलेली, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. स्टेशनामागून स्टेशनं जात होती आणि कुठेही केबिन उरली नव्हती. कुठं नुसता चौथरा, कुठं चौथऱ्यावर बाभूळ. सावरखेड्याचीही पाडायच्या यादीत होती, शेजारून नवी लाईन जाणार म्हणून. तेव्हा अपेक्षा आली, टेप घेऊन विटा मोजू लागली, सागवानी जिना मोजला, चोवीस मुठी घासून पाहिल्या, खालच्या मजल्यावर जाऊन पट्ट्यांवरचं वंगण बोटाला लावून हुंगलं. गावातल्या लोकांनी तिला आधी वेड्यात काढलं, मग चहा दिला, मग सह्या दिल्या. पण रेल्वेचे मोठे साहेब हलले ते रामरावांच्या निवेदनानं, असं तिनंच सांगितलं होतं. 'मी नऊ नंबर ओढला' हे तिच्या फाईलचं पहिलं पान होतं. रविवारी उद्घाटन, पितळी पाटी, रामरावांच्या हस्ते लिव्हर. म्हणजे ती सगळी इमारत, विटा, काचा, जिना, एका वाक्यावर उभी होती आणि ते वाक्य रामरावांचं नव्हतं. गप्प राहिलं तर काय बिघडतं, असा विचार त्यांनी मूर्तिजापूरच्या अलीकडच्या स्टेशनपर्यंत करून पाहिला. तो छान बसत होता. कुणाला कळणार नव्हतं. बुधाजीनं आजवर अवाक्षर काढलं नव्हतं. आणि तिथंच तो विचार रुतला, पुढं हलेना. बुधाजीनं अवाक्षर का काढलं नव्हतं?

बुधाजी ओसरीवर खाटेवर बसून शेंगा सोलत होता. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालेलं, दुसरं बाकी, त्यामुळे शेंग डोळ्याजवळ नेऊन पाहायचा आणि दाणा ताटलीबाहेर टाकायचा. पावलांवरूनच म्हणाला, "रामराव, ये गा. गुडघा आवाज करून राहिला तुहा, वंगण घाल." त्याची बायको मैना पाणी घेऊन आली. रामरावांनी पाणी हातात घेतलं, पण प्यायले नाहीत. "बुधाजी, सात एप्रिलले नऊ नंबर कोनं ओढला?" बुधाजीचा हात थांबला. मैनाच आधी बोलली. "एकोणीस वर्सं लागले, भाऊजी. आपल्या पॅसेंजरले बी एवढा लेट नसते." "तू चूप बैस," बुधाजी म्हणाला. "चूपच हावो नं मी," ती नवऱ्याकडे हात करून म्हणाली, "एकोणीस वर्सं चूपच हावो. यायचं नाव कावून नाही त्या पाटीवर? ते पोरगी इथं आली, फोटो काढले, चहा पेली, अन् यायले इचारते, तुमी रामराव काकाले वळखत होते काय. वळखत होते काय, म्हने!" आणि पदरानं नाक पुसून ती चुलीकडे गेली, पण इतकी लांब नाही की ऐकू येऊ नये.

"तू चारले आला," बुधाजी म्हणाला. तो नेहमी इतकं थोडं बोलायचा की केबिनमध्ये दोघं असले तरी एकटं वाटायचं. आता मात्र शेंग चिमटीत तशीच धरून तो बोलत राहिला. "नव्या पॅनलवर बदल करायचं काम दुसऱ्या दिसी होतं. साहेब लोकाचं आधीच आटपलं, त्यायनं दीडलेच तारा सोडल्या. तुले कोन सांगन, तू मांडवात. चारले तू ड्यूटीवर आला, शर्टावर दही, हातात माह्यासाठी लाह्यांचा दोना. वर येऊन पाह्यते तं सगळं ढिलं. तू नऊ नंबर धरला, तो असा लुळा आला हातात. मंग तू खालीच बसला. बाप गेल्यावानी रडला बे तू. आता मी काय करू? मले काही समजवता येत नाही. मी म्हनलं याले सांगाव, कशी गेली ते. मंग सांगितलं. ऊन कसं होतं, पक्षी कोनता होता, डायवरनं काय केलं. तू म्हने पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. लाह्या खात खात अंधार पडेवरी सांगितलं. जल्मात एवढा बोललो नाही. पंधरा-वीस दिसानं टपरीवर तू कोनाले तरी सांगत होता, मी ओढला म्हून. मी मागंच उभा होतो. मी म्हनलं, चाला, पोचलं." रामरावांनी हातातलं पाणी खाली ठेवलं. "तुले वाईट नाही वाटलं?" बुधाजीनं शेंग फोडली. दाणा या वेळी ताटलीत पडला. "टपरीवर नाही वाटलं. सत्काराले वाटलं. तिसऱ्या रांगेत बसलो होतो. टाळ्या वाजोल्या. घरी येऊन जेवलो नाही. इचार तिले." चुलीकडं एक भांडं जरा जोरात ठेवलं गेलं.

फोन तिथूनच लावला. लावण्याआधी त्यांचा अंगठा बराच वेळ नावावर थांबला होता. "काका!" अपेक्षाचा आवाज धापत आला, "बरं झालं तुम्ही केलात. पाटी दुपारी कोरायला जातेय." "त्याच्यावर बुधाजी तायडे लिहा, बाई." "म्हणजे? सही तर तुमची आहे." "माही हाय. पन मी केली नाही. आमी एकमेकाच्या करत होतो." पलीकडे कुठंतरी यंत्रानं लाकूड कापत होते, तो आवाज थांबला. "मग तुम्ही कुठे होतात?" हा प्रश्न येणार हे माहीत असूनही उत्तर देताना त्यांना पंचाहत्तराव्या वर्षी घाम फुटला. "कीर्तनात," ते म्हणाले. ती अगदी हळू म्हणाली, "काका, तुम्हाला कळतंय ना? साहेबांनी तुमचं निवेदन वाचून केबिन यादीतून काढली. आता मी जाऊन सांगू, की ड्यूटी सोडलेली, सही दुसऱ्याची, निवेदन ऐकीव? ते म्हणतील सगळी फाईलच खोटी. सोमवारी पाडायचं मशीन येऊन उभं राहील." रामरावांना काचा दिसल्या, एकदम फुटणाऱ्या नाहीत, नुसत्या उन्हात उभ्या असलेल्या. "फाईल खोटी नाही, बाई," ते म्हणाले, "गाडी गेली ते खरं हाय. नेणारा चुकीचा लिवला." ती म्हणाली, मग दोघांनी लिहून द्या, मी आजच नेते, पुढचं माझ्या हातात नाही. मैनानं नातवाच्या वहीचं पान आणि पेन न मागता आणून दिलं. रामरावांनी लिहिलं. बुधाजी म्हणाला, "माहा बी गुन्हा लिही. सही मी केली. एकट्याचा कावून लिवतं? तेवढ्यात बी मले वगळतं काय?" हे ऐकायला गंमत वाटावी असं होतं, पण तो गमतीनं म्हणाला नव्हता. मग त्यानं कागद डोळ्याजवळ नेऊन स्वतःचं नाव लिहिलं, दाबून, खालच्या खाटेपर्यंत उमटेल असं.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. अकोल्यात राहून रामरावांना या दोन दिवसांत कळलं की भीती पेन्शनची नाही. पेन्शन कापली असती तर ते दोघं भाकरी-चटणीवर राहिले असते, आशाबाईंनी उलट टोमणा मारून ती चटणी गोड केली असती. भीती होती की ज्या जागेत बुधाजीनं त्यांना ती दुपार दिली, ती जागाच आपण आपल्या खरेपणानं पाडून ठेवू. संध्याकाळी ते प्रवचनाला गेले आणि पहिल्यांदाच त्यांना काही ऐकू आलं नाही. निरूपण बाजूनं वाहत राहिलं. त्यांचं मन त्या मांडवात जाऊन बसत होतं आणि तिथून उठून केबिनच्या जिन्याखाली येत होतं, वर जायला धजत नव्हतं. शनिवारी अपेक्षाचा फोन. "साहेबांनी दोनदा वाचलं. मग विचारलं, किती वर्षं चाललं हे? मी म्हटलं, बावीस. म्हणाले, अपघात किती? मी म्हटलं, एकही नाही. मग चष्मा काढून बसले. काका, कार्यक्रम होतोय. कारवाईचं काही बोलले नाहीत. होईल की नाही, मला खरंच माहीत नाही." "होऊ द्या," रामराव म्हणाले, आणि आशाबाईंना म्हणाले, "शर्ट इस्त्री कर." "कोनता? दह्याचा?" त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी सावरखेड्याला दीडेकशे लोक जमले होते. केबिन तेल पाजलेल्या लाकडाचा वास मारत होती. एक सिग्नल समोर उभा ठेवलेला, त्याची तार नव्यानं जोडलेली. मोठे साहेब रामरावांशी बोलले नाहीत, पण नमस्काराला नमस्कार केला. बुधाजीला दोघांनी धरून जिना चढवला. वर पोचताच त्यानं धरणाऱ्यांचे हात झटकले आणि लिव्हर मोजत, एकेकाला बोट लावत नऊ नंबरपर्यंत चालत गेला. रामराव खाली लोकांत उभे राहिले होते. बुधाजीनं ओढला. सिग्नलचा हात पडला. टाळ्या झाल्या. मग त्याला खाली आणून माईकसमोर उभं केलं आणि अपेक्षा म्हणाली, आजोबा, त्या दिवशीचं सांगा ना. बुधाजीनं माईककडे संशयानं पाहिलं. "गाडी आली," तो म्हणाला. "ओढला. गेली." लोक थांबले. आणखी काही येईल म्हणून थांबले. मागच्या बाजूला कुणीतरी हसलं, साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. बुधाजीच्या कपाळावर घाम जमू लागला, आणि रामरावांना ते पाहवेना, कारण ऊन, रूळ, पक्षी, ड्रायव्हरचं कपाळ, सगळं त्यांच्यापाशी होतं, शब्दन् शब्द, आणि त्यांना तोंड उघडायचा अधिकार नव्हता. ते जीभ दाताखाली धरून उभे राहिले. तेवढ्यात बुधाजीनं त्या धूसर डोळ्यानं लोकांत शोधलं. "रामराव," तो माईकमध्येच म्हणाला, "तू सांग गा. मले नाही येत."

रामराव पुढं गेले. गुडघा वाजला. माईक बुधाजीच्या उंचीचा होता, तो त्यांनी तसाच राहू दिला आणि थोडे वाकले. सत्कारात, शाळेत, अपेक्षाच्या फोनमध्ये पहिला शब्द नेहमी एकच होता, 'मी', तो याही वेळी आपसूक ओठांवर आला. त्यांनी तो गिळला. त्याला वेळ लागला, तेवढ्यात एक मालगाडी दूरच्या लाईनवरून सगळी निघून गेली. "त्या दिवशी मी इथं नव्हतो," ते म्हणाले. "मी काल्यात होतो. इथं बुधाजी होता. बारा चाळीस झाले होते अन् उन्हानं रूळ पांढरे पडले होते. बुधाजीनं फडकं हातात घेतलं..." आवाज मधेच बसला. सप्ताहाच्या शेवटी महाराजांचा बसतो तसा, आणि पुढचे शब्द त्यांच्या स्वतःच्याच कानापर्यंत कसेबसे पोचले. शेवटच्या रांगेत, डोक्यावर पदर, मैना खुर्चीवरून उठून उभी राहिली.

"जोरानं सांगा, भाऊजी," ती ओरडली, "मागं आयकू नाही येऊन राहिलं."